गाडीचा काटा आणि आईचं नाक

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "चढावर तापमानाचा काटा जरा वर जातो, एसी बंद केला की येतो खाली. जुनी गाडी आहे, चालायचंच." मागून आई म्हणाली, "आणि तो गोडसर वास?" बाबा, तुम्ही विषय बदललात. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

आई, तुझं नाक बरोबर आहे. तो वास कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. गाडीच्या आत येतोय म्हणजे बहुधा हीटरच्या जाळीतून पाझरतंय. पुढचं मॅटिंग हाताने दाबून बघ, ओलसर लागतं का. काचेवर आतून तेलकट धुकं धरतं का तेही बघ. शिवाय आपल्या व्हॅनला मागच्या सीटांसाठी वेगळा हीटर आहे. त्याचे पाईप गाडीच्या पोटाखालून पार मागे जातात आणि तिथेच गंजतात. गळती तिथूनही असू शकते.

बाबा, काटा खाली येतो यावर फार विसंबू नका. कूलंट फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असतानाही काटा एकदम खाली येतो. हीटर चालू असून अचानक गार हवा यायला लागली, तर आत कूलंट उरलेलं नाही असं समजा.

चढावर काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. तरीही काटा लालकडे गेला, किंवा वाफ दिसली, तर तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "घर आलंच की" हे वाक्य मला ऐकायचं नाही, बाबा. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, फार तापलं की वाकतं. मग त्याखालचं सील, हेड गास्केट, जातं, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं, आणि पाईप बदलून भागलं असतं तिथे इंजिन उघडावं लागतं.

थांबल्यावर निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात नाही. निम्मं पाणी, निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०६ अंशांना उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून बंद सिस्टिममध्ये ते १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. माझ्या मनगटावरचा डाग आठवतो? बादलीतलं गरम पाणी सांडलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं. फडकं धरून झाकण उघडायला गेले होते. बोटं वाचली, मनगट भाजलं.

इंजिन पुरतं गार झाल्यावरच पाणी घाला. तापलेल्यावर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. साधं पाणी मेकॅनिककडे पोचण्यापुरतं चालेल, रोजचं नाही, आत क्षार धरतात.

आणि एक काम आजच. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा, पुढच्या चाकांपासून मागच्यांपर्यंत. सकाळी डाग कुठे पडला, रंग काय आहे, ते आईने मला कळवावं. (बाबा, तुम्ही "काही नाही" म्हणाल.) डाग रंगीत आणि चिकट असेल तर लगेच पुसून घ्या, कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का तेही बघा.

खालच्या रेघेच्याही खाली असेल तर गाडी काढू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा. मी रविवारी येतेच आहे.

तुमची,
ताई