भायखळ्याला सांगतो

केप कॉड, मॅसॅच्युसेट्स
रविवार, 7 जुलै

प्रिय सुऱ्या,

तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही, दिवाळीत तुझा फोन आला तोही घेतला नाही. आधी मनसोक्त शिव्या घाल आणि मग पुढे वाच. तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, डावा गुडघा दमट हवेत कुरकुरतो. मंदा मजेत, तुला आणि वहिनींना नमस्कार सांगते. आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो. मंदाला सांगून झालं. ती म्हणाली, "अहो, यात तुमचा काय दोष?" तिला करी रोड ते व्ही.टी. माहीत नाही. ते तुला आणि मला माहीत.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक पोरगा राहायला होता. एकोणीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच, आयोवातल्या मक्याच्या शेतांतून आलेला. डावरा पिचर, म्हणजे बेसबॉलचा बोलर. हो, डावरा. मंदाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव बाळू ठेवलं आणि तो त्या नावाला ओ द्यायला लागला.

इथल्या लीगबद्दल मागे फोनवर बोललो होतो, तेव्हा तू म्हणालास की बेसबॉल म्हणजे विटीदांडू आणि लगोरीचं भांडण. तसं नाही रे. तू आपली पावसाळ्यातली कांगा लीग समज. कोपरात वाकवलेल्या हातासारखी ही जमीन समुद्रात शिरलीय, तिथल्या दहा गावांचे दहा संघ. खेळणारी सगळी कॉलेजची पोरं, देशभरातून निवडून आणलेली. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी सामना, एकेका संघाचे चाळीसच्या आसपास. तिकीट नाही. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात, मध्येच कोणीतरी टोपी फिरवतं, ज्याला जे टाकायचं ते टाकावं. ऑर्लिन्सच्या मैदानाला तर पायऱ्यापायऱ्यांची टेकडी आहे, तिथे लोक सकाळीच चादर टाकून जागा धरून येतात. अगदी आपल्या गणपतीच्या पडद्यावरच्या सिनेमासारखं. पोरांना पगार नाही. राहायला गावातली घरं. जेवायला त्या घरातलं जे असेल ते.

आणि जसं कांगात ओल्या, उघड्या विकेटवर भल्याभल्यांची परीक्षा व्हायची, तशी इथे लाकडाच्या बॅटने होते. कॉलेजात ही पोरं वर्षभर धातूच्या बॅटने खेळतात. चेंडू मुठीजवळ लागला तरी लांब जातो. इथे 1985 पासून लाकूडच. मुठीजवळ लागला की बॅट कडाड्कन मोडते. म्हणून तर मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचे, लोक वेग मोजायची यंत्रं घेऊन बॅट्समनच्या मागे बसलेले असतात. इथून हजाराहून जास्त पोरं मेजर लीगला गेली आहेत. एरन जज 2012 मध्ये ब्रूस्टरकडून खेळला. कार्लटन फिस्क इथलाच, फ्रँक थॉमस इथलाच. इथे आलेल्या प्रत्येक पोराला ही नावं पाठ असतात. बाळूलाही होती. थालीपीठ खाताना सांगायचा. (थालीपिठाला पीनट बटर लावून खायचा. मंदाने ते सहन केलं, यावरून ओळख काय माया लागली असेल.)

पण बाळू टेम्प होता. म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. अप्पांचं बदलीचं कार्ड आठव. रोज पहाटे गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला तर आत, नाहीतर डबा घेऊन परत. इथे मोठ्या कॉलेजांचे संघ जूनच्या शेवटापर्यंत ओमाहाच्या कॉलेजांच्या अंतिम स्पर्धेत अडकलेले असतात. ती पोरं येईपर्यंत जागा भरायला दुसरी पोरं तात्पुरत्या कराराने बोलावतात. एखादा फारच चमकला तर राहतो. बाकीचे, खरा माणूस आला की घरी.

बाळूला हे ठाऊक होतं. पण एकोणीस वर्षांच्या पोराला ठाऊक असतं म्हणजे किती असतं रे?

कोटुइटला एक सामना झाला. मैदानाला चहूबाजूंनी पाइनची झाडं, दिवे नाहीत. ह्याला दोन इनिंग मिळाल्या. दुसऱ्या इनिंगमध्ये आतल्या अंगाला असा चेंडू टाकला की समोरच्याची बॅट मुठीतच तुटली. पाचसहा पोरं तुकड्यांसाठी धावली. शेवटी अंधार पडला म्हणून पंचांनी सामना बरोबरीत सोडला, आणि मला एवढा आनंद झाला की शेजारच्या म्हाताऱ्याला मी ड्रॉ म्हणजे काय हे अर्धा तास समजावलं. घरी येताना बाळूने पिशवीतून त्या बॅटची मूठ काढली. समोरच्या संघाच्या पोराकडून मागून आणली होती. म्हणाला, ही तुमच्या घरी ठेवा, केपवर मी मोडलेली पहिली बॅट. टोकाला लाकूड उसासारखं चिरफाळलेलं, मुठीवर चिकट काळी राळ. आत्ता लिहितोय तेव्हा समोर टेबलावर आहे.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, एका बुधवारी रात्री, राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा मेल आला. शनिवारपासून तुमच्या खोलीत नवा मुलगा येईल, आधीच्याचा करार संपतोय, प्रशिक्षक त्याला स्वतः सांगणार आहेत, तोवर कृपया काही बोलू नये. संघाचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत आणि पद्धत सगळीकडे हीच आहे. बाळू तेव्हा ओट्याशी उभा राहून दूध पीत होता. मी फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सामना चॅटमला. संघाची बस नसते, पोरं एकमेकांच्या गाड्यांतून जातात. ह्याला त्या दिवशी कोणाची गाडी मिळाली नाही म्हणून मी सोडायला निघालो. रस्ता सरळ, रूट 28. तो बाजूला बसून चेंडू बोटांत फिरवत होता आणि बोलत होता. आज कदाचित सुरुवात मलाच करायला देतील. समोर चौथ्या नंबरला कोण आहे, त्याला बाहेर कसा टाकायचा. मी मनाशी म्हटलं, डेनिसपोर्टला सांगतो. डेनिसपोर्ट गेलं. म्हटलं, हार्विचपोर्टला, तिथे जरा गाडी उभी करू. तेही गेलं. सुऱ्या, माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मला चिंचपोकळीचा प्लॅटफॉर्म दिसत होता. 1978 चा जुलै. तू खिडकीत, मांडीवर काकूंनी दिलेला पोह्यांचा डबा, तू असाच बोटांत चेंडू फिरवत सांगत होतास, विकेट ओली आहे, आज फक्त फ्लाइट द्यायची, वळायचं काम ती करेल. आणि मला आदल्या रात्रीपासून ठाऊक होतं की तू अकरात नाहीस. कॅप्टन म्हणाला होता, मी सांगतो, तू बोलू नकोस. चिंचपोकळी गेलं, म्हटलं भायखळ्याला सांगतो. भायखळा गेलं, म्हटलं सँडहर्स्ट रोडला. मग मस्जिद. मग व्ही.टी. आणि आझाद मैदानावर चिखलात उभं राहून तू अकरा नावं ऐकलीस.

सेहेचाळीस वर्षांत आपण यावर दोनदा बोललो. एकदा तू मारायला धावला होतास, आणि एकदा बाबांच्या तेराव्याला, जिन्यात. तेव्हा तू म्हणालास, "सांगितलं असतंस तरी मी आलोच असतो. फक्त तयार होऊन आलो असतो." मग मला पाणी दिलंस. ते वाक्य मी विसरलेलो नाही. ते डोक्यात असूनही मी चॅटमला गाडी लावली आणि बाळूला म्हटलं, ऑल द बेस्ट.

चॅटमला धुकं उतरतं. समुद्र जवळ आहे, बघता बघता लांबचे खेळाडू दिसेनासे होतात. त्या दिवशी चौथ्या इनिंगला तसंच झालं. बाळूला अजून खेळवलं नव्हतं, तो बाजूला हात गरम करत होता. धुक्यात नुसता आवाज येत होता, चेंडू ग्लव्हजमध्ये पडल्याचा. थप्प. थोड्या वेळाने परत थप्प. पंचांनी खेळ थांबवला तरी तो टाकतच होता. मग आवाज बंद झाला. मी खुर्चीतून उठून बघितलं तर कुंपणाशी दोन आकृत्या, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. तेवढंच दिसलं. सामना पुढे झालाच नाही. शुक्रवारी सांगायचं होतं ते प्रशिक्षकांनी गुरुवारी सांगून टाकलं. म्हणजे त्या शेवटच्या संध्याकाळी तो कोणालाच चेंडू टाकू शकला नाही.

परतीच्या वाटेवर बराच वेळ तो गप्प होता. हार्विचपोर्टच्या सिग्नलला त्याने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

तुझ्या वेळी मी निदान गप्प तरी बसलो होतो. ह्या वेळी खोटं बोललो. आणि पुढचं ऐक. तो मला म्हणाला, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, हे असंच असतं. माझीच समजूत काढत होता. रात्री भिंतीपलीकडून आईशी फोनवर बोलताना ऐकू आला, इथे मला फार चांगलं ठेवलं म्हणून सांगत होता. मंदाने शनिवारी पहाटे उठून दशम्या केल्या, बसस्टँडवर त्याला डबा दिला. ती रडली, तो रडला. मी डिकी उघडून बॅग काढत राहिलो.

आता खोलीत नवा मुलगा आहे. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजचा, शहाणा, प्लेट स्वतः धुवून ठेवतो. त्याचा काहीच अपराध नाही. मी त्याच्याशी नीट वागतो, पण मैदानावर अजून गेलेलो नाही.

तुझं काय चाललंय? शाल्मलीच्या बाळाचे फोटो पाहिले, कपाळ थेट अप्पांचं. कळव्याच्या फ्लॅटचं ताबापत्र मिळालं का? मिळालं नसेल तर आता सही करू नकोस, आधी वकिलाला दाखव. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना पंधरा दिवस वाकू देऊ नकोस. आणि तू अजून शिवाजी पार्कावर पोरांना शिकवतोस हे मंग्याकडून कळलं. फार बरं वाटलं. त्यांना चायनामन, ती तुझी डाव्या मनगटाची फिरकी, शिकवू नकोस एवढीच विनंती, तुझ्या चायनामनमुळे विकेटकीपिंग करून माझी दोन बोटं वाकडी झाली.

हं. तर बाळूचा परवा मेसेज आला. त्याला दुसऱ्या लीगमध्ये, वर व्हरमाँटमधल्या एका संघाने घेतलंय, तिथेही लाकडीच बॅट. शनिवारी त्याला सुरुवातीपासून टाकायला देणार आहेत. या म्हणाला, दोघं या, थाली-पिट आणा. मंदाने भाजणी काढूनही ठेवलीय. चार तासांची वाट आहे.

मला त्याला सांगायचंय. पण कधी, ते कळत नाही. सामन्याआधी सांगितलं तर त्याचा दिवस नासेल. नंतर सांगितलं तर तो पुन्हा म्हणेल की वाईट वाटून घेऊ नका, आणि परत मीच हलका होणार. न सांगता थालीपीठ वाढणं मला जमणार नाही. मंदा म्हणते लिहून पाठवा. पत्र लिहायला बसलो तर हे तुला लिहून झालं.

शनिवारी सकाळी सातला निघणार आहोत, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतील. त्याआधी फोन कर. कितीही वाजता कर, मी उचलीन. मला तुझ्याकडून एवढंच हवंय, नीट आठवून सांग. त्या दिवशी मी कुठल्या स्टेशनला सांगितलं असतं, तर तुला चाललं असतं?

तुझा,
बंड्या

ता. क. ते पॅड मीच घेतले होते. चाळीस रुपये, धोबी तलाव, पावती बाबांच्या ट्रंकेत सापडली. आणतो पुढच्या खेपेला.