चार मतं आणि एक हाक

कोल्हापूर,
4 जानेवारी 2026

प्रिय दिग्विजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘नगरसेवक नसताना पाच वर्षं शहर चाललंच की, मग आता निवडणुकीचा एवढा धुरळा कशाला?’ असं विचारलंयस. याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आपल्या महापालिकेचं शेवटचं मतदान झालं 1 नोव्हेंबर 2015 ला. नोव्हेंबर 2020 मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हातात गेला. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत नवी निवडणूक व्हायला पाहिजे, असं राज्यघटनेतच लिहिलंय. तरीही आधी कोरोना, मग प्रभागरचनेतले बदल, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, असं करत करत पाचाची दहा वर्षं झाली. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, 2022 च्या आधी ओबीसींना होतं तसं आरक्षण धरा आणि निवडणुका घ्या. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला याच करवीरात मागासलेल्यांसाठी सरकारी नोकरीतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. त्या गावचं सभागृह आरक्षणाचा गुंता सुटेना म्हणून रिकामं राहिलं, हे मला फार लागलं.

अधिकाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. 2021 च्या जुलैत पंचगंगा चढली तेव्हा ती माणसं रात्रंदिवस राबताना मी बघितलीत. पण सुतारवाड्यात किंवा कुंभार गल्लीत पाणी शिरायला लागलं की कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुणाची पोरगी बाळंतपणाला आलीय, हे फायलीत नसतं. ते नगरसेवकाला माहीत असतं, कारण त्या घरचा चहा तो प्यालेला असतो. आणि अंदाजपत्रकाचं काय? एरवी आयुक्त मांडतात, स्थायी समिती तपासते, सभागृह भांडून मंजूर करतं. प्रशासक असताना मांडणारं आणि मंजूर करणारं टेबल एकच. काळम्मावाडी धरणाचं पाणी कुठल्या भागाला किती सोडायचं, 1972 पासून इंचभरही न सरकलेली हद्द वाढवायची की नाही, असल्या गोष्टींवर कुणीतरी उभं राहून ‘थांबा’ म्हणायला नको का?

आता यंदाची पद्धत. आपल्या वेळी 81 प्रभाग होते, एका प्रभागाला एक नगरसेवक. जागा आजही 81 च आहेत, पण प्रभाग झालेत फक्त 20. बहुतेक ठिकाणी चार जागा, एका प्रभागात पाच. निम्म्या जागा महिलांच्या, आणि कुठली जागा कुणाला हे सोडतीनं ठरलंय.

परवा तुझ्या आईकडं गेलो होतो. काकू म्हणाल्या, “मला नीट समजावून सांग, मत वाया जायला नको.” कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला अ, ब, क, ड असे चार रकाने आखून दिले. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. प्रत्येकीवर एकेकच बटण दाबायचं. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’. चारी मतं दिल्याशिवाय मशीन वाजत नाही, तेव्हा आवाज ऐकूनच बाहेर या, म्हटलं. काकूंनी विचारलं, “चौघं एकाच पक्षाचे घ्यायला लागतात काय?” नाही, म्हटलं, चार जागा म्हणजे चार वेगळ्या निवडणुका. मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि गटार तुंबलं तर चौघांतल्या कुणाला हाक मारायची?”

दिग्या, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. एकाचा प्रभाग होता तेव्हा तालमीच्या कट्ट्यावर सकाळी बसलं की माणूस सापडायचा. कामं झाली नाहीत तरी तोंड लपवायला त्याला जागा नव्हती. आता तीन-चार तालमींचा भाग एका प्रभागात आलाय, उमेदवार पॅनेल म्हणून फिरतात, आणि चांगल्या माणसाच्या आडोशाला निकामी माणूस निवडून यायची भीती आहे. मला एकाचाच प्रभाग बरा वाटतो. पण पद्धत पसंत नाही म्हणून घरी बसणं मला पटत नाही, उलट चौघांना वेगवेगळं पारखून घ्यायला पाहिजे. काकूंनी प्रत्येक रकान्याखाली नावं लिहून घेतलीत आणि प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला त्या गटाराचं विचारणार आहेत.

गावाकडची तऱ्हा वेगळी. कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर या नगरपालिकांचा निकाल 21 डिसेंबरला लागला. तिथं नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडतात, आपल्याकडं महापौर मात्र नगरसेवक निवडणार. इचलकरंजी तर महापालिका झाल्यावर पहिल्यांदाच मत देणार आहे. जिल्हा परिषद अजून व्हायची आहे. तिथं मतदाराला दोन मतं, गटातून झेडपीचा मेंबर आणि गणातून पंचायत समितीचा. मार्च 2022 पासून तिथंही प्रशासकच. गावातली शाळा, आरोग्य केंद्र, शिवारातला रस्ता, सगळं त्याच सभागृहाच्या हातात असतं. माझ्या मामाच्या गावात लोक आमदारकीपेक्षा या निवडणुकीला जास्त जीव लावतात, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

तुझं नाव आता पुण्याच्या यादीत आहे. राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान एकाच दिवशी, 15 तारखेला, म्हणजे तुमचंही आहे. पुण्यातही बहुतेक प्रभाग चारचेच आहेत. ‘आम्ही बाहेरचे, आम्हाला कोण ओळखतं’ असं म्हणू नकोस. दहा वर्षं तिथलं पाणी पितोस, पट्टी भरतोस, सोसायटीसमोरच्या रस्त्यावरून तुझी पोरगी शाळेत जाते. आजच यादीत नाव आणि केंद्र बघून घे. वहिनींचं नाव त्याच केंद्रावर आहे का, तेही बघ. कधी कधी एका घरातली नावं दोन केंद्रांवर जातात आणि ऐन वेळी धावपळ होते. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं जाहीर होतात, तीही वाच.

काकूंना मी सकाळीच गाडीवरून नेऊन आणतो, काळजी करू नकोस. 16 ला निकाल आहे, रात्री फोन करतो. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
सच्या