चौदावं वचन आधी वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रभूमध्ये प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या पडलेल्या, आपल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) माणसांकडे कसं जावं, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो. आभार मानायचेच तर ते नेमके कशाकशाबद्दल, हे लिहावं असं ठरलं. नव्याने घरभेटींना निघणाऱ्यांनाही ते वाचता येईल, म्हणून हे पत्र उघडं.

सगळ्यात मोठं देणं बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ४९व्या अध्यायाचं. आजाऱ्याच्या उशाशी बसून लोक थेट पंधरावं वचन काढतात: आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि भिंतीकडे तोंड फिरवतो. तुम्ही कारण दाखवलंत. पंधरावं वचन हे उत्तर आहे आणि प्रश्न चौदाव्यात आहे. तिथे सीयोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते की परमेश्वराने मला टाकलं, प्रभू मला विसरला. ज्याचा प्रश्न कोणी ऐकलाच नाही, त्याला उत्तर दिलं तर ते गप्प बसवल्यासारखं वाटतं. म्हणून चौदावं आधी, सावकाश, आणि मग थांबायचं. माणूस बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तरी पान उलटायची घाई नाही.

पंधराव्यातला बारकावाही तुमचाच. आईच्या मायेचा दाखला सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना आईनेच टाकलेलं असतं. पण आई विसरूच शकत नाही, असं ते वचन म्हणतच नाही. विसरू शकते, हे मान्य करून ते पुढे जातं. सोळाव्यात तर तळहातावर कोरल्याची भाषा आहे, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना ती पटकन कळते. गोंदण धुतलं म्हणून जात नाही. शिवाय तिथे ‘तुझे कोट सतत माझ्यापुढे आहेत’ असं आहे. यरुशलेम इ.स.पू. ५८६ मध्ये पडलं, कोट ढासळले, आणि हे बोल बाबेलच्या बंदिवासातल्या माणसांना उद्देशून आहेत. म्हणजे डोळ्यांपुढे आहेत ते पडलेले कोट. मोडलेल्या माणसाला हे आधी सांगा, असं तुम्ही म्हणायचात.

दुसरं म्हणजे ‘आठवण’ या शब्दाचा अर्थ. इब्री (हिब्रू) भाषेत ‘जाखार’. आपण आठवण म्हणतो तेव्हा मनात काहीतरी तरळून जातं, तेवढंच. शास्त्रात देवाने आठवण केली की पाठोपाठ काहीतरी घडतं. उत्पत्ती ८:१ मध्ये नोहाची आठवण केली आणि वारा सुटला. राहेलीची केली, हन्नाची केली, आणि दोघींची कूस उजवली. जखर्या या नावाचा अर्थच ‘परमेश्वराने आठवण केली’. मात्र इथेच बहुतेकांचं चुकतं: आता सगळं लगेच होईल, असं ते आजाऱ्याला सांगून बसतात. नोहाच्या तारखा मोजायला तुम्हीच लावलंत. पाऊस ४० दिवस, पाण्याचा जोर १५० दिवस, मग ती आठवण. पण तारवात शिरल्यापासून जमीन पुरती वाळेपर्यंत वर्षावर दहा दिवस गेले, त्यातले सात महिन्यांहून जास्त आठवण केल्यानंतरचे. आठवण झाली होती, दार मात्र बंदच होतं. तुरुंगातल्या योसेफाला राजाचा प्यालेबरदार विसरला त्यावर पुरती दोन वर्षं लोटली. यिर्मयाचं २९:११ हे हिताच्या संकल्पांचं वचन दर दुसऱ्या ख्रिस्ती कॅलेंडरवर असतं. त्याच्या आधीच्याच वचनातली बाबेलची ७० वर्षं कॅलेंडरवर कोणी छापत नाही! तेव्हा मुदत द्यायची नाही. ती आपल्या हातातच नाही.

तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी, हा समज तुम्ही १३व्या स्तोत्राने मोडलात. सहा वचनं, त्यातल्या पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’. तिसऱ्या-चौथ्यात मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. ज्याला भरवशापर्यंत पोचवत नाही, त्याला दुसऱ्या वचनावर थांबू द्यायचं आणि पुढची चार त्याच्या वतीने आपण म्हणायची. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे.

भेटीची रीत थोडक्यात. बसायचं ते नजरेच्या पातळीवर, चांगल्या कानाच्या बाजूला. वीस मिनिटं पुरे. उतारा एकच, आणि निघताना तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहून उशाशी ठेवायचा. पंगतीसारखी वचनं वाढली की एकही गळी उतरत नाही.

ज्यांची स्मृतीच गेली आहे त्यांच्यासाठीची तुमची शिकवण वेगळी लिहायला हवी. ‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. ती परीक्षा होते आणि माणूस नापास होतो. आपणच आपलं नाव सांगायचं. नवं सोपं भाषांतर न्यायचं नाही, लहानपणापासून कानावर पडलेलं जुनंच वाचायचं. ‘उपासना संगीत’ या आपल्या मराठी गीतपुस्तकातल्या ओळखीच्या गीताचं पहिलं कडवं धरायचं; मुलांची नावं हरवलेल्या ओठांवरही पुष्कळदा ते येतं. नाही आलं तरी बिघडत नाही. यशयातलं आश्वासन देवाच्या स्मरणावर उभं आहे, आपल्या नाही. घरच्यांना हे स्पष्ट सांगायचं, कारण ‘बाबांना आता प्रार्थनाही आठवत नाही’ ही भीती त्यांनाच जास्त पोखरत असते.

आणि तुमची वही. नाव, राहता मजला, कोणता कान चांगला, जोडीदार गेल्याची तारीख. पहिल्या स्मृतिदिनानंतर लोक यायचे थांबतात, म्हणून त्याच्या पुढच्या आठवड्यावर तुम्ही लाल खूण करायचात. ‘येते हं कधीतरी’ हे शब्द तुम्ही आम्हाला बंदच केलेत. एक तर वार आणि वेळ सांगायची, नाहीतर काहीच बोलायचं नाही. दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला आपण देवाच्या नावाने पुन्हा एकदा विसरतो, असं तुम्ही जरा कडक आवाजात सांगायचात. ते बरंच झालं.

गुडघ्यांमुळे तुम्हाला आता जिने चढवत नाहीत असं कळलं. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्यातल्या दोघी तुमच्याकडे येतायत. उतारा तुम्हीच निवडून ठेवा.

प्रभूमध्ये आपल्या,
घरभेटीच्या गटातल्या आम्ही सगळ्या