फिजिओथेरपीच्या ताईंना, मनापासून

ताई,

समोर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

पोळी-भाजी केंद्रात दिवसभर ओट्यावर वाकून लाटायचं. उजवा खांदा धरला आणि पुढे इतका आखडला की वेणी घालायलाही लेकीला हाक मारायची वेळ आली. तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि ‘काही नाही, वयाचं आहे’ म्हणून मला उठवलं. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण आखडतं आणि एक्स-रेत ते दिसत नाही, हे तुमच्याकडून कळलं. दुसऱ्या एकांनी तर ‘सहन करा’ म्हणत हात असा ओढला की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी कळवळत होते आणि ते फोनवर बोलत होते. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही खांद्याला हात लावायच्या आधी विचारलंत, “काकू, रात्री झोप लागते का?” हे कुणीच विचारलं नव्हतं. मग डाव्या कुशीवर झोपवलंत, छातीशी उशी दिलीत आणि दुखरा हात तान्हं बाळ ठेवावं तसा अलगद तिच्यावर ठेवलात. मी तिथेच रडले. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी तुम्ही घाई केली नाहीत. त्या रात्री मी झोपले, ताई.

व्यायाम पुढे झालेच, भिंतीवर बोटं चढवणं, हात सैल सोडून झुलवणं. दुखतो खांदा, मग पाठ कशाला ताणायची, असं विचारलं तर चिडला नाहीत. कमरेकडून निघालेला पाठीचा रुंद स्नायू थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो, तो आखडला की हात वर जाताना मागून ओढ बसते, हे माझ्याच पाठीवर बोट फिरवून दाखवलंत. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांतले साधारण ६० पाठीवरचं त्रिकोणी हाड फिरल्यामुळे मिळतात, हेही. ‘ताण जाणवू दे, कळ नको,’ म्हणायचात, आणि मी ‘बास’ म्हटलं की तुमचा हात तिथेच थांबायचा. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, पण ‘बास’ ऐकणारं माणूस मला फार उशिरा भेटलं.

आता केंद्रातल्या दोघींना पाठवतेय. एकीचे खांदे भरून येतात, दुसरीला शुगर आहे आणि हात वर होत नाही. दोघी बुजऱ्या आहेत, आपणहून सांगणार नाहीत. त्यांनाही झोपेचं विचारा.

तुमची,
पोळीवाली काकू