ब्रेकमधली हवा तीनदा काढली, दोष मात्र भलतीकडेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीचा ब्रेक मऊ लागतो, एवढी एकच तक्रार घेऊन मी दोन महिन्यांत तीन वेळा एकाच गॅरेजमध्ये गेले. तिन्ही वेळा उत्तर ठरलेलं: ‘लाइनमध्ये हवा आहे, काढून देतो.’ हवा काढली जायची, कारागीर स्वतः चक्कर मारून यायचा, दोन-तीनदा करकचून ब्रेक मारून दाखवायचा. गाडी जागच्या जागी उभी. मी पैसे देऊन निघायचे आणि पहिल्याच सिग्नलला पेडलवर पाय ठेवून थांबले, की ते हळूहळू खाली बसायला लागायचं. तिसऱ्या वेळी मी विचारलं, की पाइप कुठे गळत नाही, मग हवा आत शिरते कुठून? तर म्हणाला, ‘मॅडम, गाडी जुनी झाली.’ मी 27 वर्षं हिशेब तपासनीस होते. ‘जुनं झालं’ म्हणजे तपासायचा कंटाळा आला, एवढंच मला त्यातून ऐकू येतं.

घरी आल्यावर मी बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या टाकीवर, पातळी होती तिथे, स्केचपेनने बारीक रेघ मारली. तीन आठवड्यांनी ऑइल रेघेवरच होतं. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही, पेडलच्या वर, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या तोंडाशीही थेंब नाही. ऑइल बाहेर जात नव्हतं, तरी दाब टिकत नव्हता. म्हणजे गळती आतल्या आत होती. पेडल दाबलं, की ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर; त्यात दट्ट्याला रबरी वॉशर असतात. ते झिजले, की दाबलेलं ऑइल चाकांकडे जायचं सोडून वॉशरच्या कडेने मागे सरकतं. या खिशातून त्या खिशात. टाकीत शिल्लक तेवढीच दिसते.

याची परीक्षा घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावायचे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल टणक होतं. मग पाय बेताच्या जोराने अर्धा मिनिट तसाच ठेवायचा. पेडल जागेवर राहिलं तर ठीक. बाहेर थेंबही न गळता ते सरकत खाली गेलं, तर आधी मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायचा. यातली गंमत अशी, की जोरात लाथ मारल्यासारखा ब्रेक दाबला, तर ऑइलच्या दाबाने झिजलेल्या वॉशरची कडसुद्धा फुगून सिलिंडरला चिकटते आणि दाब टिकतो. हलक्या पायाने दाबला, की ती सुटते. त्या कारागिराला ब्रेक ठणठणीत लागायचा आणि मला मऊ. दोघेही खरं बोलत होतो!

या परीक्षेत टणक झालेल्या पेडलवर पाय ठेवूनच इंजिन सुरू केलं, तर पेडल थोडं खाली जातं. ते जायलाच हवं, बूस्टर काम करतो त्याची ती खूण. माझे एक नातेवाईक एवढ्यावरून घाबरून नवा बूस्टर घेऊन बसले होते.

प्रत्येक मऊ ब्रेकला मास्टर सिलिंडरच जबाबदार असतो असं मात्र नाही. दोन-तीन पंप मारल्यावर पेडल वर येत असेल, तर खरोखरच हवा असू शकते, किंवा मागच्या ड्रममधले शू सैल झालेले असतात. रबरी होज पाइप जुने असतील तर दाबाखाली फुगतात. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने पाइप हातात धरून बघायचा. चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर डावा-उजवा बदलून बसवला, तर त्याचं हवा काढायचं निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही काढली तरी निघत नाही.

सपाट रस्त्यावर ठीक आणि लांब उतारावर मऊ होणारा ब्रेक हा वेगळा प्रकार. आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की ही किमान मर्यादा 155 वर येते. उतारावर कॅलिपर तापतो, ऑइलला उकळी फुटते आणि पायाखाली वाफ येते. वाफ दबते, ऑइल दबत नाही. गाडी थंड झाली, की पेडल पुन्हा टणक, त्यामुळे तक्रार कोणाला पटत नाही. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी हे ऑइल बदला असं सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचं पुस्तक उघडून बघा. बदलताना डबा सीलबंद हवा, अर्धा वापरलेला नको.

गॅरेजवाल्यांना माझी विनंती अशी: ऑइल कमी दिसलं तर मुकाट्याने भरून देऊ नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, पण कुठे गळत असलं तरीही उतरते, आणि वरून ओतलं की पुरावाच बुजतो. शिवाय हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू नका. एरवी दट्ट्या जिथवर पोचत नाही, त्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. तिथे घासून वॉशर फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तरी भागतं. माझ्या गाडीत तिन्ही वेळा पेडल पार तळाला टेकवलं होतं, मी शेजारीच उभी होते.

शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर बदलून घेतला. तिथल्या मुलीने तो गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली, मग चारही चाकांची. तेव्हापासून सिग्नलला पाय आहे तिथेच राहतो. जुना सिलिंडर मी मागून घेतला आणि उघडून पाहिला. पुढच्या वॉशरची कड एका बाजूने कुरतडल्यासारखी झाली आहे. तो आता त्या तीन पावत्यांशेजारी खणात ठेवला आहे. तिन्ही पावत्यांवर एकच ओळ आहे: ‘ब्रेकची हवा काढली.’

आपली,
एक निवृत्त हिशेब तपासनीस