मोटार जळण्याआधी केबल तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की निपाणी, चिक्कोडी भागातून शेतपंपांच्या जळक्या मोटारी वाइंडिंगला, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळायला, येऊ लागतात. दोष सरसकट कमी व्होल्टेजला दिला जातो. पण अनेक ठिकाणी मीटर पेटीत व्होल्टेज पुरेसे असते. ते बोअरपर्यंतच्या केबलमध्ये खर्ची पडते.

रोधकता, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणे, हा धातूचा गुण आहे. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७ ओहम, अॅल्युमिनियमचा ०.०२८. तार लांबली की रोध वाढतो, जाड घेतली की घटतो. दुकानात मात्र 'पाच एचपीची केबल द्या' एवढेच सांगतात, अंतर कोणी सांगत नाही.

बोअर ३०० मीटरवर आहे, पाच एचपीची थ्री फेज मोटार ९ अँपिअर घेते असे धरा. २.५ चौ. मिमी अॅल्युमिनियमच्या केबलमध्ये एका तारेचा रोध ३.३६ ओहम होतो. सुमारे ४० व्होल्ट वाटेतच जातात आणि जवळपास ८०० वॅट नुसती केबल तापवण्यात. ४१५ चे ३७५ झाले की मोटारीचा जोर अठरा टक्क्यांनी घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलतो. तेवढेच पाणी उपसायला ती जादा करंट ओढते आणि वाइंडिंग तापते. त्यात केबल बांधावर उन्हात पडलेली असेल तर दर अंशाला रोध ०.४ टक्के वाढतो. याच अंतराला ६ चौ. मिमी तांबे किंवा १० चौ. मिमी अॅल्युमिनियम वापरले तर घट दहा-अकरा व्होल्टवर येते.

वायरमनकडून मोटार चालू असताना मीटर पेटीत आणि बोअरजवळच्या स्टार्टरवर व्होल्टेज मोजून घ्या. फरक वीसच्या वर गेला तर केबल बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. तांबे आणि अॅल्युमिनियम नुसते पिळून जोडणे तर घातकच. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, ओल लागली की जोड गंजतो, तापतो, शेवटी एक फेज तुटतो आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत जळते. तिथे बायमेटल लगच, म्हणजे एका बाजूला तांबे आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम असलेला जोडतुकडाच, हवा.

तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले तर ते तांबे नव्हे. विक्रेत्यांनी बिलावर धातू आणि चौ. मिमी दोन्ही लिहून द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक मोटार वाइंडर, निपाणी