दहावा प्रश्न न गाळणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

दांडिया बाजार, रावपुरा भागात गरोदर बायकांच्या घरी जाणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार. वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळीकडेच बघतात. तुम्ही मनाचंही विचारता, आणि नीट विचारता.

सासूबाईंना रिपोर्ट आणायला पाठवायचं, दार लोटायचं, मगच एडिनबरो प्रश्नावली, म्हणजे नैराश्याची चाचपणी करणारे दहा प्रश्न, काढायची, ही तुमची पद्धत. घरचं माणूस शेजारी असलं की रडू येतं का, याला "नाही" हेच उत्तर येतं. १९८७ साली बाळंतिणींसाठी तयार झालेली ही प्रश्नावली गरोदरपणातही वापरता येते, कारण तिच्यात थकवा किंवा भूक विचारलेली नाही; त्या गोष्टी या दिवसांत तशाही बदलतात. झोपेचा प्रश्न आहे, पण तो दुःखामुळे झोप न लागण्याचा. पोट अवघडून जाग येते ती त्यात धरायची नाही, हा फरक तुम्ही प्रत्येकीला मराठीत किंवा गुजरातीत समजावून सांगता. "गेल्या सात दिवसांतलंच सांग हं," हेही विसरत नाही.

घाईत भरलेला कागद तुम्हाला लगेच कळतो. दहाही ठिकाणी पहिल्याच पर्यायावर खूण असेल तर बेरीज २१ येते, कारण पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे चार पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजतात आणि बाकीच्या सातांचे उलटे; गुण जास्त तेवढा त्रास जास्त. पण तीच बाई पूर्वीसारखी हसते आणि बहुतेक वेळ रडतेही, असं त्या कागदाचं म्हणणं होतं. अशा वेळी तुम्ही आकडा न लिहिता प्रश्न वाचून दाखवता.

सर्वांत जास्त आभार दहाव्या प्रश्नासाठी. स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, हे विचारायला पुष्कळजण कचरतात. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. एकूण गुण आठच असले तरी दहाव्यात शून्याहून जास्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तुम्ही तिला एकटी सोडत नाही.

तीसपैकी १३ किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, हे तुम्ही तिला आधीच सांगता, मग मानसोपचाराची चिठ्ठी देता. १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावता. थायरॉईड, हिमोग्लोबिनही बघून घेता. आधीपासून चालू असलेली मनाची गोळी दिवस राहिले म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, हे नवऱ्यालाही बजावता. पुढे काही करायचंच नसेल तर नुसते प्रश्न विचारून काय उपयोग? रात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून देता.

आमच्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते, पुणं नाहीतर नाशिक. तिथल्या डॉक्टरांना इथलं काहीच माहीत नसतं. म्हणून तारीख, एकूण गुण आणि दहाव्याचे गुण वेगळे लिहिलेली बंद चिठ्ठी तुम्ही तिच्याच हातात देता. गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद असते त्या ममता कार्डावर लिहीत नाही, कारण ते घरात सगळे वाचतात. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात प्रश्नावली पुन्हा भरायची, हेही त्याच चिठ्ठीत असतं.

तुमच्या कृतज्ञ,
घरभेटी करणाऱ्या कार्यकर्त्या, वडोदरा